टॉवेलाखालच्या तीन मेंढ्या

बिरप्पा मेटकरीच्या अंगात सदरा नसला तरी चालायचं, पण खांद्यावर टॉवेल नसला की त्याला भर चौकात उघडं पडल्यासारखं व्हायचं. आता सोलापुरात टॉवेलाचं काय कौतुक? घरटी डझनभर निघतील. पण बिरप्पाचा टॉवेल तोंड पुसायचा नव्हता. त्याच्याखाली चाळीस वर्षं सांगोल्याच्या बाजारात मेंढरांचे सौदे झाले होते.

बिरप्पा दलाल. विकणारा एका अंगाला, घेणारा दुसऱ्या अंगाला आणि मधे बिरप्पा. चारचौघांत भाव बोलायचा नाही, हा बाजाराचा रिवाज. टॉवेल हातावर टाकायचा, गिऱ्हाइकाचा हात त्याच्याखाली घ्यायचा आणि बोटांनी बोलायचं. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, सगळा पंजा धरला तर पाच. मालाच्या आणि मुदतीच्या खुणाही ठरलेल्या. तोंडानं मात्र "पाऊस कसा काय तुमच्याकडं?" असलं काहीतरी चालू ठेवायचं, म्हणजे शेजारी जो कान टवकारून उभा असतो त्याला पावसाखेरीज काही मिळत नाही. शेवटी समोरच्याचं मनगट दाबायचं. मनगट दाबलं की सौदा पक्का. मग मागाहून दुप्पट भावाचं गिऱ्हाईक येवो नाहीतर आभाळ कोसळो. मनगट दाबून फिरलेला माणूस सांगोल्यात एकच झाला म्हणे, आणि त्याच्या पोराच्या लग्नात अक्षता टाकायला भटजी धरून सात माणसं होती.

असा हा गडी बाहत्तराव्या वर्षी गुडघ्यानं दगा दिला म्हणून जुळे सोलापुरात लेकाच्या फ्लॅटवर येऊन बसला. लेक जोतिराम पाटबंधारे खात्यात कारकून. सरळ माणूस, पण इतका सरळ की वळणावर अडतो.

बाजार सुटला तरी दलाली सुटते थोडीच? केराबाई भाजीवाली सोसायटीच्या फाटकाशी आली की बिरप्पा खाली उतरायचा आणि ती आणि गिऱ्हाईक यांच्या मधे उभा राहायचा. पंधरा रुपयांच्या मेथीला अर्धा तास लागू लागला. केराबाईनं ती गल्लीच सोडली. मग त्यानं खालच्या दोन बिऱ्हाडांत गाड्या लावायच्या जागांची अदलाबदल जमवून दिली. ती दोन्ही बिऱ्हाडं अजून एकमेकांशी बोलत नाहीत. घरात रात्री आठ वाजता बायकोला, म्हणजे फुलाबाईला, एक मालिका बघायची असे आणि सुनेला दुसरी. बिरप्पानं दोघींच्यात असा काही सौदा बसवला की दोघींना बातम्या बघाव्या लागल्या.

"जोत्या," फुलाबाई लेकाला म्हणायची, "ह्येंला कुटंतरी बांदून घाल, न्हायतर मला तरी सोड."

तिला सोपा उपाय माहीत होता: आठवड्यातून एकदा एसटीत बसवून सांगोल्याला धाडायचं. पण घोडं पेंड खात होतं ते दिवाळीतल्या एका भानगडीपायी. बिरप्पा सकाळी बाजाराला म्हणून गेला, संध्याकाळी येतो म्हणाला, आणि उगवला तिसऱ्या दिवशी. मोबाईल एका टेम्पोत राहिला होता. टेम्पो जतला गेला. जोतिरामनं तीन बसस्टँड पालथी घातली. तिसऱ्या दिवशी म्हातारा डाळिंबांची पिशवी घेऊन दारात उभा.

"आप्पा, फोन तरी करायचा कुणाच्या तरी फोनवरून!"

"आटवण न्हाय राहिली," बिरप्पा सहज म्हणाला.

संपलं! कारकुनाच्या हाती कबुलीजबाब लागला. "बघा, स्वतःच म्हणतायत. आठवण राहत नाही. आजपासून एकट्यानं बाजार बंद." त्या दिवसापासून चष्मा सापडेना की आठवण गेली, चहात साखर दुसऱ्यांदा घातली की आठवण गेली. डोळ्यांदेखत बिरप्पाचा म्हातारा व्हायला लागला. बाजाराच्या दिवशी पहाटेच उठून तो गॅलरीत उभा राही आणि खालनं जाणाऱ्या शेळीकडे असा बघे, की शेळीलाच लाज वाटावी.

ही कोंडी फोडली नातीनं. सोनम इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. तिनं आणि तिच्या मित्रमंडळींनी सोलापुरात टेबलावर खेळायच्या खेळांचा मेळा भरवायचा घाट घातला होता. पुण्याकडं असे मेळे भरतात, आपल्याकडं का नको, अशी ईर्षा. त्यासाठी आणलेलं एक खोकं घरी आलं आणि बिरप्पानं ते उघडलं. आत पत्ते, पट आणि नखाएवढी लाकडी मेंढरं.

बिरप्पानं एक मेंढरू चिमटीत धरलं, उजेडाला नेलं, उलटं केलं आणि तोंड बघितलं.

"ह्येला दात न्हाईत."

"आज्जा, खेळण्यातलं आहे ते!"

"नाकपण न्हाय. माडग्याळी असती तर नाक पोपटावानी पायजे. ह्ये कुठल्या जातीचं म्हणायचं?"

सोनमनं खेळ समजावला. 'नऊ पेठा' त्याचं नाव. पटावर नऊ पेठा. हातात मेंढ्या, मीठ, कापड, लोखंड असल्या मालाचे पत्ते. कुठल्या पेठेला काय माल किती हवा ते तिथं चित्रात दिलेलं. आपल्याकडं जे नाही ते दुसऱ्याशी बोलून, घासाघीस करून मिळवायचं. जो आधी चार पेठा भरेल तो जिंकला.

बिरप्पानं पटावरच्या नऊही पेठांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "म्हंजे बाजारच की."

जेवताना त्यानं विषय काढला. जोतिराम हसला. "आप्पा, ती पोरं कॉम्प्युटर कोळून प्यायलेली असतात. नियमांचंच पुस्तक असतं हे एवढं. तुम्हाला चष्म्याची जागा आठवत नाही."

"पैला नंबर काडला तर?"

"काढाच. तुम्ही तिथं पहिला नंबर काढलात तर दर आठवड्याला सांगोला. मी स्वतः एसटीत बसवून देईन."

"आन् न्हाय काडला तर?"

"तर पुन्हा बाजाराचं नाव काढायचं नाही."

बिरप्पानं खांद्यावरचा टॉवेल काढून ताटांवरून पलीकडं पसरला. जोतिराम दलालाचा मुलगा, पण त्याचा हात त्या टॉवेलाखाली जन्मात कधी गेला नव्हता. त्यानं हसत हसत घातला. आत बापानं मनगट असं दाबलं की घास तोंडातच राहिला.

"झाला," बिरप्पा म्हणाला. "सोनम साक्षीला हाय."

मेळा भरला विजापूर रोडवरच्या एका मंगल कार्यालयात. आदल्या दिवशी तिथं लग्न झालेलं. स्टेजवर नवरा-नवरीच्या लाल मखमली खुर्च्या तशाच होत्या, मागं थर्माकोलचे दोन राघू, आणि सगळ्या हॉलला अजून बुंदीचा वास. खाली तीस टेबलं, शंभर-सव्वाशे पोरंपोरी, सगळ्यांच्या गळ्यात नावांच्या पट्ट्या. कुणाच्या छातीवर राक्षस, कुणाच्या छातीवर कवटी.

दारात नावनोंदणीला इंद्रजीत बसला होता; मेळ्याचा मुख्य कारभारी, सोनमचा मित्र. त्यानं फॉर्म पुढं ओढला.

"आजोबा, खेळायचा अनुभव?"

"चाळीस वर्सं."

इंद्रजीतनं मान वर करून बघितलं. धोतर, पटका, खांद्यावर टॉवेल. लिहिलं: चाळीस वर्षं. पाच मिनिटांत हॉलभर झालं, की तो पटकेवाला चाळीस वर्षं खेळतोय, परदेशात वगैरे जाऊन आलाय. बिरप्पा टेबलाशी बसायच्या आधीच दोन पोरांनी आपलं टेबल बदलून घेतलं.

खेळ सुरू होण्याआधी इंद्रजीतनं माइकवरून नियम सांगितले. "...आणि एक लक्षात ठेवा. घासाघीस करताना दिलेला शब्द पाळायलाच पाहिजे असं नाही."

बिरप्पानं शाळेतल्यासारखा हात वर केला. "म्हंजे?"

"म्हणजे पुढच्या डावाला देतो म्हणायचं आणि द्यायचं नाही. चालतं, आजोबा."

"कुणाला चालतं?"

"नियमाला."

"नियमाला चालंल रं. मला कसं चालंल?"

हॉल हसला. इंद्रजीतही हसला. बिरप्पा एकटा हसला नाही.

पहिल्या टेबलावर चौघं होते. दोन कॉलेजची पोरं, बिरप्पा, आणि समोर एक साठीच्या बाई: चापूनचोपून नेसलेलं इरकल, चांदीच्या काड्यांचा चष्मा. मैंदर्गीच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, नाव गौरम्मा. भाचीबरोबर आल्या होत्या. भाची कुठंतरी राक्षस मारत बसली होती.

सुरुवातीला बिरप्पाचं काही जमेना. पोरं ओरडूनच मागत होती. "दोन लोखंड देतो, एक कापड दे!" "तीन दे!" सगळ्यांना सगळ्यांचं कळत होतं आणि ज्याला गरज त्याचीच अडवणूक होत होती. बिरप्पाला मीठ हवं होतं. तोंडानं मागितलं असतं तर पोरांनी लगेच हेरलं असतं.

"ह्यो काय बाजार म्हणायचा? ही तर भाजी मंडई," तो पुटपुटला, आणि त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला. हातावर टाकला. गौरम्मांच्या पुढं हात केला. "बाई, मीट."

एक पोरगा म्हणाला, "आजोबा, हे काय?"

बाईंनी चष्म्यावरून टॉवेलाकडं बघितलं आणि शांतपणे हात खाली घातला. आणि बिरप्पा बसल्या जागी दचकला. पलीकडची बोटं बोलत होती! नवशिक्यासारखी चाचपडत नव्हती. दोन बोटं धरली, सोडली, मग तीन, सराईतासारखी.

"बाई, तुमी कुणाच्या?"

"मैंदर्गीच्या ईरप्पांची मी धाकटी. बैलांचे दलाल होते माझे वडील."

"ईरप्पा? एका कानात भिकबाळी?"

"हौद्री, तेच," गौरम्मा म्हणाल्या, आणि मुख्याध्यापिकेच्या तोंडावर एकदम दहा वर्षांची पोर दिसली. "लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून शिकले. बायकांना कोण विचारतंय बाजारात? आज पन्नास वर्षांनी पहिल्यांदा हात टॉवेलाखाली गेला बघा."

"आसं व्हय! मग पाऊस कसा काय मैंदर्गीकडं?"

"कसला पाऊस? चार थेंब. तुमच्या सांगोल्याकडं?"

"आमच्याकडं त्येबी न्हाईत."

तोंडं पावसात, बोटं मिठात. ठरलं ते असं: दोन मीठ आत्ता बाईंनी द्यायचं, आणि पुढं बाई मागतील तेव्हा बिरप्पानं तीन मेंढ्या द्यायच्या. बिरप्पानं मनगट दाबलं. पोरांना पत्त्यांची देवघेव दिसली, पण मागे काय ठरलं ते कळलं नाही. दोन फेऱ्यांनी बिरप्पानं चौथी पेठ भरली आणि खेळ संपला. गौरम्मांच्या मेंढ्या मागायच्या राहूनच गेल्या. पत्ते खोक्यात गेले.

पोरांनी तक्रार नेली. इंद्रजीतनं चोवीस पानी नियमावली दोनदा चाळली. त्यात फासे टेबलाखाली पडले तर काय, खेळाडू मधेच जेवायला गेला तर काय, सगळं होतं. टॉवेलाचं अवाक्षर नव्हतं.

"बंदी कुठं आहे ते दाखव," सोनम कमरेवर हात ठेवून उभी.

बंदी नव्हती. दुसऱ्या टेबलावर बिरप्पा पुन्हा जिंकला, गौरम्मा तिसऱ्यावर जिंकल्या, आणि दुपार होईतो हॉलमधे साथ पसरली. कुणी रुमाल काढला, पोरींनी ओढण्या पसरल्या, एकानं लॅपटॉपच्या पिशवीत हात घालून सौदा केला आणि चेनमधे बोट अडकवून घेतलं. एक जण मोटारसायकल काढून गावातल्या नव्या पेठेत गेला नि डझनभर टॉवेल घेऊन आला. लग्नाच्या राघूंखाली जिकडंतिकडं पोरंपोरी एकमेकांचे हात धरून पावसापाण्याची चौकशी करत बसली. कार्यालयाचा व्यवस्थापक दोनदा डोकावून गेला. कालच्या लग्नातसुद्धा इतके हात हातात आले नव्हते.

नेमक्या याच घटकेला फुलाबाई डबा घेऊन रिक्षातनं उतरली.

बिरप्पा आणि गौरम्मा जेवणाच्या सुट्टीत नव्या मंडळींना बोटं शिकवत होते. म्हणजे फुलाबाईला दिसलं ते असं, की आपला नवरा एका परक्या बाईचा हात टॉवेलाखाली धरून खदाखदा हसतोय, आणि वीस पोरं भोवती उभी राहून टाळ्या वाजवतायत.

"आवं!"

बिरप्पाचा हात टॉवेलातून चटका बसल्यासारखा बाहेर आला.

"चाळीस वर्सं बाजार बाजार म्हणून ह्येच चाललं हुतं व्हय?"

"आगं, ही मैंदर्गीच्या ईरप्पा दलालाची लेक..."

"आसू दे की! ईरप्पाचा हात धरला आसता तर मी काय म्हणलं न्हवतं!"

पोरं पांगली. गौरम्मा मात्र जागच्या हलल्या नाहीत. हजार पोरं सरळ केलेली बाई ती. "वैनी, बसा," त्या म्हणाल्या. "डब्यात काय आहे?"

"भाकरी. शेंगाचटणी."

"कडक भाकरी?"

"मग काय मऊ आणीन?" असं म्हणत फुलाबाई बसली आणि तिनं एक भाकरी बाईंच्या हातावर ठेवली. फुकट नव्हे. दोघांच्या बरोबर मधे खुर्ची ओढून ती जी बसली, ती शेवटपर्यंत उठली नाही. चटणीचं माप विचारायच्या निमित्तानं गौरम्मांनी तिच्याशी जमवून घेतलं, पण टॉवेल पसरला की फुलाबाईची नजर घारीसारखी त्यावर.

"आन् काय गं," तिनं सोनमला हळूच विचारलं, "पैला नंबर येईल का ह्येंचा?"

"येईल असं वाटतंय, आज्जी."

"येऊ दे रं बाबा बिरोबा! आटवड्यातनं एक दिवस तरी घर माझं होऊ दे."

साडेचारला शेवटचा खेळ लागला. टेबल स्टेजवर. तीनच जण उरले होते: बिरप्पा, गौरम्मा, आणि पुण्याहून आलेला उलटी टोपी घातलेला एक पोरगा, जो असले सहा मेळे जिंकून आला होता. जागा कमी म्हणून बिरप्पा आणि गौरम्मांना नवरा-नवरीच्या मखमली खुर्च्या दिल्या. फुलाबाईनं खालून एवढ्या जोरात खाकरलं, की इंद्रजीतनं निमूट बिरप्पाला उठवून टोपीवाल्याला नवरीशेजारी बसवलं.

पाच वाजता जोतिराम आला, आप्पांना घरी न्यायला. स्टेजवर बाप बघून दारातच थबकला.

आणि आप्पा तर जिंकत होते. तीन पेठा भरल्या होत्या. चौथीला हव्या होत्या तीन मेंढ्या, आणि हातात होत्या बरोब्बर तीन. पुढची पाळी आली की पत्ते टाकायचे, खेळ खलास. टोपीवाल्याला त्याचा पत्ताही नव्हता. मधे फक्त गौरम्मांची पाळी उरली होती.

गौरम्मांनी पटावर नजर फिरवली. त्यांच्याही तीन पेठा भरलेल्या, चौथी मेंढ्यांवाचून अडलेली. मग त्यांनी सावकाश टॉवेलाखाली हात घातला.

"काय मेटकरी, पाऊस कसा काय सांगोल्याकडं?"

बिरप्पानं हात दिला. तीन बोटं. पुन्हा तीन बोटं. मनगट दाबलं नाही. दाबायचं कारणच नव्हतं. ते सकाळीच दाबून झालं होतं. बाई सकाळच्या मेंढ्या मागत होत्या.

समोर दारात जोतिराम दिसत होता. आणि त्याच्याही पलीकडं, भर हॉलमधे, बिरप्पाला सांगोल्याचा बाजार दिसला: धुरळा, बें बें करणारी मेंढरं, लिंबाखालचा चहाचा गाडा, "आला रं बिरप्पा" म्हणून सरकून जागा देणारी माणसं. सगळं त्या तीन पत्त्यांवर. आणि नाही म्हणायला काय लागत होतं? सकाळचा खेळ सकाळी संपला, पत्ते खोक्यात गेले. नियमाला तर शब्द मोडलेलासुद्धा चालत होता. वाद घालायचीही गरज नव्हती. नुसतं "आटवत न्हाय, बाई" म्हणायचं. बाहत्तर वर्षांच्या माणसावर सगळ्यांनी डोळे झाकून विश्वास ठेवला असता. त्याच्या लेकानं तर सगळ्यांत आधी.

तेवढे तीन शब्द बिरप्पाच्या तोंडातून निघेनात.

"पाऊस न्हाई, बाई," तो शेवटी म्हणाला, आणि त्यानं तिन्ही मेंढ्या पलीकडं सारल्या.

गौरम्मांनी त्या पेठेवर मांडल्या. चौथी पेठ भरली. हॉलमधे आधी कुणाला काही कळेना, मग सगळे एकदम बोलायला लागले. टोपीवाल्यानं टोपी काढून पुन्हा उलटी घातली.

"आजोबा, तुम्ही जिंकला होता!" इंद्रजीत कळवळून म्हणाला. "फुकट कशा दिल्या तीन मेंढ्या?"

"फुकट कशाला? सकाळी दोन मीट घेतलंय की तिच्याकडनं."

"अहो, ते सकाळच्या खेळातलं! तो खेळ संपला!"

"खेळ संपला. माणूस संपलं काय? ती हितं हाय, मी हितं हाय." बिरप्पा टॉवेल झटकत उठला. "आन् मनगट दाबलं हुतं मी."

गौरम्मांनी हात जोडले. "माझ्या वडलांनी मागितल्याशिवाय सोडलं नसतं, म्हणून मागितलं. राग मानू नका, री."

"राग कसला? न मागता सोडलं आसतं तर म्हणलो आसतो, ही ईरप्पाची न्हवंच."

खालून फुलाबाई म्हणाली, "तिला तीन मेंढरं. आन् मला पन्नास वर्सांत एक करडू न्हाय दिलं."

जोतिराम स्टेजपाशी आला होता. "आप्पा," तो जरा चाचरत म्हणाला, "सकाळचं तुमच्या लक्षात होतं?"

"मनगट दाबलेलं इसरतं व्हय कुणी?"

"मग दिवाळीत तीन दिवस..."

"कोंडीबा मेंढक्याला सांगितलं हुतं, तुझी मेंढरांची खांड इकल्याबिगर हलत न्हाय म्हणून. गिऱ्हाईक तिसऱ्या दिवशी आलं. त्यात फोन करायचं ध्यानात राहिलं न्हाय."

"मग हे तेव्हा सांगायचं नाही का?"

"तू इचारलंस कुटं? तू लगीच आटवणीवर गेलास."

जोतिराम कारकून खरा, पण चुकलेली फाईल ओळखणारा. त्यानं मान खाली घातली. "आप्पा, जा तुम्ही बाजाराला. दर आठवड्याला जा."

आणि इथं बिरप्पानं घोळ घातला. "छ्या! हारलो की मी. पैला नंबर त्या बाईचा. आपलं ठरलंय. आता त्ये नाव काडायचं न्हाय."

"अहो, मीच म्हणतोय ना जा!"

"तू काय म्हणशील उद्या! मनगट दाबलंय."

"आज्जा, असं काय करतोस?" सोनम रडकुंडीला आली.

"सौदा म्हंजे सौदा."

लेक विनवतोय, नात विनवतेय, आणि म्हातारा टॉवेलाची घडी घालून खांद्यावर टाकतोय. फुलाबाईला एका क्षणात सगळं दिसलं: हा माणूस शब्दाचा पक्का, म्हणजे आता हा मरेपर्यंत घरात, रोज आठ वाजता बातम्या. ती पदर खोचून तरातरा स्टेजवर चढली.

"द्या तो टॉवेल हिकडं."

"आगं..."

"द्या म्हणते न्हवं! मेंढरू एकदा इकलं म्हंजे जन्मात पुन्ना इकत न्हाईत व्हय? पैला सौदा पुरा झाला, तुमी हारला, मिटलं. आता ह्यो नवा. आन् दलाल मी."

बिरप्पानं टॉवेल तिच्या हातात दिला. रिवाजात खोट काढायला जागा नव्हती. झालेल्या सौद्यावर नवा सौदा होतो. फक्त मधला माणूस नवा लागतो.

फुलाबाईनं एका हाताखाली नवऱ्याचा पंजा घेतला, दुसऱ्याखाली लेकाचा, वर टॉवेल. पन्नास वर्षं ज्याच्याबरोबर भाकरी खाल्ली त्याची बोटं तिला पाठ होती. टॉवेल दोन्हीकडून हलायला लागला. जोतिराम चक्रावला. "आई, किती धरलीस? हे काय?"

"गप. पाऊस कसा काय तुज्याकडं?"

"आई, आपण एकाच घरात..."

"पाऊस सांग!"

"नाही पडला."

"आवं, तुमच्याकडं?"

"पडंल आसं वाटतंय," बिरप्पा म्हणाला, आणि हरल्यापासून पहिल्यांदा हसला.

फुलाबाईनं दोघांची मनगटं एकदम दाबली. मखमली खुर्चीतल्या गौरम्मांनी मान डोलावली. दलालाचा हात आहे, असा त्याचा अर्थ.

आत काय ठरलं ते रिवाजाप्रमाणं बाहेर आलं नाही. पण सोसायटीला डोळे आहेत. दर बाजारादिवशी पहाटेच्या एसटीला बिरप्पा दिसतो. गळ्यात दोरीनं मोबाईल बांधलेला असतो, मेंढ्याच्या घंटेसारखा; तो जोतिरामनं स्वतः बांधलाय. बाजार लांबला तर त्यानं मुक्काम करून यायचं, असंही त्या टॉवेलाखाली बसलं असावं, कारण बाजार दर वेळी लांबतो आणि फुलाबाई तक्रार करत नाही. मेळ्यातली पोरं दोनदा त्याच्याबरोबर सांगोल्याला जाऊन आली, नि एकानं खरीखुरी शेळी विकत घेऊन आईचा मार खाल्ला.

आणि दलाली? ती काय फुलाबाई सोडते! तिनं आठ वाजताचा टीव्ही घेतला. रोजचा.